सोळा दाण्यांची पट्टी

सोमवार, ४ नोव्हेंबर

उघडलं बाई एकदाचं यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान! म्हणजे विकायला नव्हे, आवरायला. तीन वर्षं शटर खाली होतं. कुलपात तेल सोडलं, किल्ली फिरवली, शटर काही हलेना. मग नातीने खाली एक लाथ घातली. वर गेलं! "आजोबा असंच उघडायचे?" म्हणाली. म्हटलं, ते आधी शिवी द्यायचे आणि मग लाथ. तू निम्मीच पद्धत शिकलीस.

नात आता वर्षभर माझ्याकडे राहणार. कॉलेज इथून पायी दहा मिनिटं. तिला अभ्यासाला खोली हवी, आणि या घरात रिकामी खोली म्हणजे हे पुढचं दुकानच. मुलाचा फोन आला — "आई, ठेवून ठेवून काय करणार आहेस? भंगारवाल्याला बोलव आणि मोकळी हो." बरोबरच आहे त्याचं. मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवला आणि घासलेलीच भांडी परत घासायला घेतली.

दुकानात वास तोच! झाळायच्या सोल्डरचा, धुळीचा आणि यांच्या डोक्याच्या तेलाचा. खुर्चीच्या पाठीला अजून आहे तो. मी नाक लावून उभी. नात विचारते, "आजी, काय करतेस?" म्हटलं, धूळ किती बसली ते बघते.

ही वही दुकानातलीच. गिऱ्हाइकाची तक्रार लिहून घ्यायची. पहिल्या चार पानांवर यांचं अक्षर. "चालू होत नाही." "चालू होतो पण लगेच बंद." "चालू होतो, बंदच होत नाही." पुढची पानं कोरी. मग ठरवलं, आता माझी तक्रार लिहायची! पण तक्रार कसली, मजाच वाटते आहे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज रॅमची खोकी काढली. बुटांची खोकी ती, एकूण चौदा. आत पुठ्ठ्याचे कप्पे, ते मी कापलेले. नात कॉम्प्युटरचंच शिकते, पण असल्या जुन्या रॅम तिने फक्त चित्रात पाहिलेल्या. मग काय, मला चेवच आला! चौथीत शाळा सुटलेली बाई कॉलेजातल्या मुलीला शिकवते आहे. हे असते तर हसून हसून खोकला लागला असता.

म्हटलं, हे बघ. ही हिरवी पट्टी. खाली सोनेरी दात. दातांच्या मध्ये खाच. बोर्डावरच्या खोबणीत तसाच उंचवटा असतो. खाच आणि उंचवटा जुळला की पट्टी बसते आणि दोन्ही बाजूंचे कान खट् करून मिटतात. नाही जुळला तर नाही. तिथे दादागिरी चालत नाही. एक गिऱ्हाईक होतं, त्याला आम्ही कानसवाला म्हणायचो. रॅम बसत नाही म्हणून त्याने घरी कानस घेऊन खाच मोठी केली! बसवली, बटण दाबलं, धूर! मशीन घेऊन आला आणि वर यांनाच म्हणतो, "तुमची पट्टी खराब निघाली." यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "दात किसून कुणाला जबडा बसतो का हो?" पट्टी सहा महिने काउंटरवर ठेवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

त्याच्या आधीच्या आखूड पट्ट्या तर जोडीनेच लागायच्या. एकटी लावली की मशीन ढिम्म. मी माहेरी गेले की हे फोनवर तेच — "तुझी पट्टी काढून नेलीस, आता मी ढिम्म." आईच्या घरी फोन बाहेरच्या खोलीत, सगळे ऐकायला बसलेले! मी आपली "बरं, बरं, जेवा वेळेवर" म्हणायची आणि कान लाल.

मला इंग्रजी लेबल वाचता येत नव्हतं. आताही नाही येत. म्हणून मी बोटांची पद्धत काढली. खाच किती, कुठे, आणि अंगावर काळे चौकोन किती. त्या चौकोनांना मी दाणे म्हणायची. लेबल नसलेली पट्टी असली की हे गिऱ्हाइकापुढे ऐटीत म्हणायचे, "थांबा, मोठ्या इंजिनिअरना विचारतो," आणि पट्टी माझ्या हातात द्यायचे. मी भाजी निवडता निवडता सांगायची!

आणि दाण्यांची भानगड तर मीच पहिल्यांदा ओळखली. खरंच. एक जुना बोर्ड आला होता. नवी पट्टी लावली की मेमरीचं माप अर्धंच दाखवायचा, आणि काम करता करता गोठायचा. हे दोन दिवस त्याच्यापुढे बसलेले, दाढी नाही, अंघोळ नाही. मी चहा ठेवायला गेले आणि सहज म्हटलं, "ही आठ दाण्यांची, एकाच अंगाला. काल जी चालली तिला दोन्ही अंगांना होते, आठ आणि आठ सोळा." यांनी लगेच सोळावाली लावली. चाललं! मागाहून यांनी कुठेतरी वाचलं — माप तेवढंच असलं तरी नव्या पट्टीचे दाणे मोठे असतात, जुन्या बोर्डाला मोठा दाणा पुरता मोजता येत नाही, सोळा लहान मात्र मोजता येतात. वाचलं त्यांनी, पण आधी सांगितलं कुणी? त्या संध्याकाळी मला सिनेमाला घेऊन गेले. दाढी न करताच.

नात म्हणाली, "आजी, तू हे कधी सांगितलं नाहीस." कुणी विचारलं नाही ग.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

भंगारवाला येऊन गेला. पाच पोती. तेराच्या तेरा खोकी मीच हाताने ओतली. असा आवाज झाला! हा माणूस बोलका. "आजी, रडू नका, सोनं आहे या दातांना, वाया नाही जाणार." म्हटलं, मी रडत नाहीये, तुमच्या पोत्याची धूळ उडते आहे.

चौदावं खोकं मात्र आधीपासूनच रिकामं. ते सोळा दाण्यांवाल्या निवडक अकरा पट्ट्यांचं. त्या माझ्या कपाटात आहेत, यांच्या राखाडी स्वेटरात गुंडाळलेल्या. हे गेले त्या थंडीत मीच ठेवल्या. आधी त्या चांदीसारख्या चकचकीत पिशव्यांत होत्या. मला त्या पिशव्या बघवेनात, दवाखान्यातल्या वस्तूंसारख्या दिसायच्या. काढून फेकून दिल्या. स्वेटरात कशा उबेला राहतात.

खोली किती मोठी दिसते आता! नातीने खाट कुठे लावायची ते पावलं टाकून मोजलं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

काय दिवस!

अकराच्या सुमाराला दारात टॅक्सी. टॅक्सीवाल्याच्या हातात एक जुनं मशीन, पिवळं पडलेलं, आणि मागे काठी टेकत एक बाई. चाळिशीच्या. डोळ्यांनी दिसत नाही. उंबऱ्याशी थांबून हसतमुखाने विचारलं, "काका आहेत का?"

नातच म्हणाली, "आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले." बाईंचा हात काठीवरून खाली घसरला. मी खुर्ची पुढे केली. यांचीच खुर्ची. बसल्या, आणि नाकाने एक मोठा श्वास घेतला. मला कळलं त्यांना कशाचा वास आला ते.

अंध मुलांच्या शाळेतल्या मास्तरीणबाई त्या. शाळेत ब्रेल छापायचं यंत्र आहे, कागदावर ठिपके उठवणारं. ते या जुन्या मशीनवरच चालतं. यंत्र मशीनला जोडायचं कार्ड लांबलचक, तेवढी लांब खोबण नव्या बोर्डावर नसतेच. नातीने खात्री करायला "इथे असेल, इथे असेल" पुटपुटत आपला लॅपटॉप फिरवून फिरवून पाहिला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "शोधू नकोस बाळा, आम्ही सगळ्यांनी शोधलंय." हे दर वर्षी जाऊन मशीन साफ करून यायचे म्हणे. मला आठवतं, शाळेत जातो म्हणायचे. मला वाटायचं, शाळा म्हणजे गप्पा मारायला मिळालेलं निमित्त!

गेल्या महिन्यात मशीन बंद पडलं. बाजारातल्या एका टेक्निशियनला बोलावलं. त्याने जुन्या दोन्ही रॅम काढून नेल्या आणि नवी एक घातली. तेव्हापासून माप अर्धंच दाखवतं आणि मध्येच गोठतं. मी विचारलं, "दाणे किती?" मास्तरीणबाईंना उमगेना. मी मशीन उघडलं, पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोट फिरवलं. एक, दोन, तीन... "आठ. एकाच बाजूला."

"आणि हव्यात सोळा!" मी ओरडलेच. नात टाळ्या वाजवायला लागली. टॅक्सीवाला म्हणाला, "म्हणजे झालं का?"

झालं कुठे! मुलं अकरा आहेत. सोमवारी, पंचवीस तारखेला वर्षातून एकदा होणारी सरकारी परीक्षा. त्यांच्या प्रश्नपत्रिका त्याच यंत्रावर निघतात. भाषेची कशीबशी निघेल, पण गणितात आकृत्या असतात, तिथेच मशीन गोठतं. वरच्या ऑफिसने कळवलंय, वीस तारखेपर्यंत तयार नसतील तर ही मुलं पुढच्या वर्षी बसतील. "एकाचं वय आधीच उलटून चाललंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तो पुढच्या वर्षी येणारच नाही. वडील कामाला लावतील."

मी म्हटलं, काळजी सोडा. माझ्याकडे अकरा आहेत. अकरा मुलं, अकरा पट्ट्या! तुम्हाला लागतात दोनच. मशीन आमच्याकडे ठेवून त्या गेल्या.

शनिवार, ९ नोव्हेंबर

दहा मेल्या आहेत.

लिहायचा धीर होत नव्हता. स्वेटर टेबलावर सोडला तेव्हा नातीने तोंडावर हात घेतला. "आजी! लोकरीत?" मला कळेना काय झालं. तिने विचारलं, थंडीत स्वेटर काढताना चटचट करतो ना, चटका बसतो ना? मग तोच विजेचा चटका या पट्ट्यांना बसतो आणि त्या जळतात. त्या चांदीच्या पिशव्या त्यासाठीच होत्या.

मला माहीत नव्हतं का? माहीत होतं! हे लोखंडी टेबलाला हात लावल्याशिवाय रॅम उचलायचे नाहीत. मलाही लावायला सांगायचे. मी रोज लावायची. आणि दर थंडीत एकदा मी तो स्वेटर उघडून, पट्ट्यांवरून हात फिरवून, परत गुंडाळून ठेवायची. तीन वर्षं. लाड करत होते मी.

एकेक लावून पाहिली. खोडरबरने दात घासले, कान खट् केले, बटण दाबलं. टूं — टूं — टूं. तो लांब आवाज म्हणजे रॅम नाही म्हणून मशीन रडतं. दहा वेळा रडलं. अकरावी लागली! नात मला म्हणाली, "एक तर आहे." हो. एक आहे. पण एकीवर, मशीनमधल्या गेल्या वर्षीच्या गणिताची चौथी आकृती आली की गोठतं. तीन वेळा करून पाहिलं. दोन हव्यातच.

मास्तरीणबाईंना फोन नातीनेच केला. मी चटया झटकायला घेतल्या.

सोमवार, ११ नोव्हेंबर

भंगारवाल्याकडे गेलो दोघी. त्या तेरा खोक्यांत सोळा दाण्यांच्या दहा-वीस तरी असणारच. निवडक नसल्या तरी. मी गेल्याबरोबर म्हटलं, माझी पोती परत द्या.

"आजी, शुक्रवारी सकाळीच ट्रक गेला."

"मग ट्रकला फोन लावा!"

"ट्रकला लावून काय करू? माल आता कुठल्या ढिगात असेल, देव जाणे." वर म्हणतो, "मी तेव्हाच म्हटलं होतं, रडू नका." मी म्हटलं, तेव्हा रडत नव्हते, आता रडते. मग बिचाऱ्याने स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि त्याच्याकडच्या ढिगाऱ्यात नातीला तासभर शोधू दिलं. तीन पट्ट्या सापडल्या. आठ दाणे, आठ दाणे, आणि एक तर कुणी कानशीने किसलेली! नातीला त्या स्थितीतही हसू आलं. मलाही आलं.

नातीने जिथे जिथे म्हणून विकत मिळतात तिथे तिथे फोनवर शोधलं. मिळते, पण पोचायला महिना. आणि फोटोत दाणे दिसत नाहीत.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

इथे तरी खरं लिहावं.

एक पट्टी आहे. मला शुक्रवारीच ठाऊक होतं. टॅक्सी अजून दारातच होती, तेव्हाच आठवलं. अकरा आहेत म्हणून मी एवढ्या मोठ्याने बोलले ते हिच्यावर पाळी येऊ नये म्हणूनच.

माझं मशीन. आतल्या खोलीतलं, खिडकीखालचं. यांनी माझ्यासाठी जुळवलेलं. त्यातही तसाच, उलट आणखी जुना बोर्ड, आणि एकच पट्टी, सोळा दाण्यांची. रोज दुपारी मी त्यावर पत्ते खेळते. नात म्हणते, "आजी, फोनवर खेळ की, हे किती सावकाश आहे." तिला सांगितलेलं नाही की मी पत्त्यांसाठी लावत नाही. मशीन चालू झालं की आधी काळा पडदा येतो आणि त्यावर मोठ्या अक्षरांत उमटतं — "चष्मा लावलास का?"

यांनी करून ठेवलंय ते. मी चष्मा न लावता खेळायची आणि मग डोकं दुखतं म्हणून कुरकुरायची. म्हणून. तीन वर्षं रोज दुपारी मी मोठ्याने उत्तर देते. "लावला हो, लावला!" कधी लावलेला नसतो. तरी लावला म्हणते. आधीही तसंच करायची.

पट्टी काढली की ते मशीन पुन्हा बोलायचं नाही. आठ दाण्यांची यात अर्धीसुद्धा चालत नाही, यांनी मागेच लावून पाहिली होती. दुसरी आणायची कुठून? ज्या होत्या त्या तर मीच मारल्या.

आज दुपारी खेळायला बसले. उत्तर दिलं. एकही डाव लागला नाही.

कुणाला तरी पुढच्या वर्षी शाळेत येता येणार नाही. मला चौथीतून काढलं तेव्हा कुणी तरी असंच काहीतरी मोजत बसलं असेल का? धाकटी बहीण झाली होती, तिला सांभाळायला घरात कुणी हवं होतं. एवढंच. फार मोठं कारण नव्हतं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

नातीला सकाळीच सांगितलं. चहा पिता पिता. तिने कप खाली ठेवला. "आजी, नको. आपण दुसरं काहीतरी करू." म्हटलं, करून झालं दुसरं काहीतरी. स्क्रू ड्रायव्हर आण.

आधी एकदा चालू केलं. दोघी शेजारी बसलो. "चष्मा लावलास का?" नात म्हणाली, "सांग ना." मला तिच्यासमोर लाज वाटली, पण सांगितलं. खरंच लावला होता आज. मग तिने फोनने त्याचा फोटो काढला. मी म्हटलं, काढ, पण फोटो विचारत नाही ग. मग बंद केलं.

लोखंडी टेबलाला हात लावला. पत्रा उघडला. हे गेल्यानंतर मी तो कधी उघडला नव्हता. आत पत्र्यावर काळ्या मार्करने यांचं अक्षर! तारखा घालून लिहिलेलं. नातीने मोठ्याने वाचलं, आकडे पट्टीच्या मापाचे —

"३२ लावली. बाईसाहेब खूश."

"६४ केली. पत्ते हळू पडतात अशी तक्रार."

"१२८ केली. तक्रार बंद. आता उंदीर (माउस) घसरतो अशी तक्रार."

"उंदीर बदलला. खरं कारण चष्मा."

आणि सगळ्यात खाली, थरथरत्या अक्षरात, शेवटच्या वर्षातलं असणार — "हिला काही सांगू नये. आधीच सगळं माहीत असतं."

मी हसले! इतकी हसले की नातीला कळेना हसू की काय चाललंय. मोठे इंजिनिअर म्हणे! आणि मला तो स्वेटर तेवढा कळला नाही.

पट्टी मीच काढली. दोन्ही कान मागे केले, अलगद उचलली. दात अजून चकचकीत. यांनीच घासलेले असणार. नात चांदीची पिशवी घेऊन उभीच होती. नवीन आणली होती तिने. कधी आणलीस विचारलं तर म्हणाली, "काल. तू डाव मांडून नुसती बसली होतीस ना, तेव्हा." म्हणजे हिलाही माहीत होतं! घराण्यातच आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

मशीन शाळेत नेऊन तिथे दुसरी पट्टी लावली. खट्. खट्. एकच छोटं टूं. माप पूर्ण दाखवलं. चौथी आकृती गेली, पाचवी गेली, सगळ्या गेल्या!

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज मास्तरीणबाईंनी यंत्र चालताना बघायला बोलावलं. काय तो आवाज! जसं पत्र्यावर कुणी वाटाणे ओततंय. कागद खालून येतो पांढरा आणि वर जातो ठिपक्यांचा. मी एक उचलून बघायला लागले तर मास्तरीणबाईंनी पटकन हात धरला. "प्रश्नपत्रिका आहे ती. गुपित असतं." म्हटलं, अहो, वाचता येतंय कुणाला! त्या एवढ्या हसल्या की कागद खाली पडला.

मग दोन मुली आल्या, दहा-बारा वर्षांच्या. त्यांना कुणी तरी सांगितलं होतं की ही बाई बोटांनी रॅम ओळखते. एकीने माझा हात धरून बोटं तपासली, डॉक्टरसारखी! "तुमचं पहिलं बोट कडक आहे. आमचं मऊ असतं." मी म्हटलं, मी भाजी चिरते, भांडी घासते. ती म्हणाली, "तरी ओळखता?" मग मी पर्समधून मेलेल्या पट्ट्यांपैकी दोन काढून दिल्या (का घेऊन गेले होते कोण जाणे). खाच दाखवली, दाणे दाखवले. पाच मिनिटांत दोघी मला हरवायला लागल्या. एक तर म्हणाली, "आजी, तुमच्या या पट्टीचा एक दात तुटलाय." मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं ते!

यांचं नाव तिथे सगळ्यांना माहीत. "काका" म्हणजे हेच. शिपाई सांगत होता, काका आले की मुलांना मशीनचं झाकण उघडून सगळं हात लावून बघू द्यायचे, आणि एकदा एका मुलाने पंख्यात बोट घातलं तेव्हा काका त्याच्याहून जास्त ओरडले. बरोबर. हे घरीही तसेच. मुलगा पडला की हेच आधी रडायचे.

घरी आल्यावर नातीने खाट दुकानात लावली. तिला तो वास आवडतो म्हणते.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

दुपारी सवयीने बटण दाबलं. टूं — टूं — टूं. "लावला," म्हटलं आणि बंद केलं.

नातीने फोनवर पत्ते घालून दिलेत. एवढे भराभर पडतात की मी हरलेली मलाच कळत नाही!

सोमवार, २५ नोव्हेंबर

अकराच्या अकरा बसली. मास्तरीणबाईंचा फोन — गणिताच्या पेपरला तो वय उलटलेला मुलगा सगळ्यात शेवटी उठला. पर्यवेक्षक म्हणाले वेळ संपली, तर म्हणतो, "मला अजून एकदा आकृती बघू द्या, छान आहे." बघू द्या म्हणजे बोटांनी.

मी नातीला हे तीनदा सांगितलं. तिने तीनदा ऐकून घेतलं.

मंगळवार, ३ डिसेंबर

सकाळपासून तीन फोन. तीन गावांच्या तीन शाळा. तेच ठिपक्यांचं यंत्र, तसाच बोर्ड, आणि बंद — एका शाळेतलं तर चार वर्षं. मास्तरीणबाईंनी नंबर दिला म्हणे. तुमच्याकडे त्या रॅम असतात ना?

आमच्याकडे एकही नाही. पण रॅमच गेली आहे हे उघडून बघितल्याशिवाय कसं कळणार?

मी तिघांनाही म्हटलं, घेऊन या.